जाऊबाई

“माळी, त्या सफाईच्या बायकांना माणसांतून काढा,” साहेब म्हणाले. “सामानाखाली टाका.”

माळी म्हणजे रुग्णालयातले कॉम्प्युटर सांभाळणारा. नेटवर्कवरची सगळी माणसं आणि यंत्रं तो एका उलट्या झाडावर मांडत होता, म्हणून हे नाव पडलं. मूळ वर, फांद्या खाली, फांद्यांना पानं. एक पान म्हणजे एक माणूस किंवा एक यंत्र. पानाचं स्वतःचं काही नसतं; फांदीला मिळतं तेच पानाला. ‘माणसं’ या फांदीला विश्रांतीच्या खोलीचं दार उघडे. ‘सामान’ या फांदीला एकच नियम होता, तोही माळीनेच बसवलेला: काही दिवस हालचाल दिसली नाही, की पुरवठादाराला आपोआप निरोप.

“साहेब, बायका आहेत त्या.”

“कंत्राटदार फडकी पुरवतो, बायकाही पुरवतो. घरचं माणूस त्यात आहे म्हणून पोटात दुखतंय का?”

माळीची बायको तिथेच फरशी पुसायची. तिचं पान उचलून त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरशेजारी टांगलं.

दुपारी तिच्या कार्डाने दार उघडेना. दुखरा गुडघा धरून ती जिन्यात बसली.

संध्याकाळी त्याने तिला कागदावर झाड काढून दाखवलं, लहान मुलाला दाखवावं तसं. तिने नीट पाहिलं.

“म्हणजे मी आणि प्रिंटर एका घरातल्या. जावाजावा.”

“तसंच काहीसं.”

“आणि तुम्ही?”

“मी माणसांत.”

“बरंय. नवरा एका घरात, बायको दुसऱ्या.” मग तिने विचारलं, “हलवलं कोणी मला?”

“साहेबांनी सांगितलं. नाही म्हटलं असतं तर माझंच पान गळलं असतं.”

“हं. तोंड साहेबांचं, हात तुमचे.”

पुढच्या आठवड्यात गुडघा टम्म सुजला. ती घरीच राहिली. कंत्राटदार फोन उचलेना.

मग एका सकाळी माळीच्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. पहिली प्रिंटरची होती. दुसरी तिची: ‘सामान बंद आहे. पुरवठादारास कळवले.’ निरोप गेलेला होता. परत बोलावायची सोय त्याने ठेवलीच नव्हती.

दुपारी नवी बाई आली, हातात कोरं कार्ड घेऊन. त्याने तिचं पान टांगलं.

“भाऊ, डबा खायला कुठं बसायचं?”

त्याने जिन्याकडे बोट दाखवलं.

घरी बायको गुडघ्यावर ओलं फडकं ठेवून बसली होती.

“माझ्या जागी आलं का कोणी?”

“आली एक.”

“आणि जाऊबाई कशा आहेत?”

“त्याही बंद पडल्या होत्या. माणूस आला, दुरुस्त करून गेला.”

“दुरुस्त केलं,” ती म्हणाली. फडकं पुन्हा बुडवलं, पिळलं आणि गुडघ्यावर नीट पसरलं.