पंख्याचं तोंड

उन्हाळा चढला तसा सुपरवायझरने बापाच्या खोलीतला टेबलफॅन उचलला आणि हॉलमध्ये माशांपुढे नेऊन ठेवला.

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, बाबा. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते. मग मासे वर येऊन तोंड वासतात."

"मी पण वासतोय की."

"तुम्ही सवयीने वासता."

सुपरवायझर शीतगृहात कामाला होता. दिवसभर कानटोपी घालून गोठलेल्या वाटाण्यांवर नजर ठेवायची आणि संध्याकाळी घरी यायचं. त्याला घर नुसतं उबदार वाटायचं. "कुठंय उकाडा?" असं तो घामाने निथळणाऱ्या बायकोला मनापासून विचारायचा. हॉलमध्ये जमिनीवर ठेवलेल्या टाकीत पाच गोल्डफिश होते. पाणी चोवीस अंशांच्या वर जाता कामा नये, आणि तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरताही कामा नये, कारण माशांना धक्का बसतो. त्यासाठी त्याने कामावरून एक कोरं रजिस्टर आणलं होतं. वेळ, तापमान, शेरा, सही. पंख्याची जागा हलू नये म्हणून टेबलावर खडूच्या खुणाही केल्या होत्या.

बाबांची खोली पूर्वी अडगळीची होती. आताही अडगळीचीच होती, फक्त तिच्यात बाबांची भर पडली होती. वर पत्रा, पत्र्याला पंखा टांगायची सोय नाही, खिडकी उघडली की शेजाऱ्यांची भिंत. तिथे दुपारी अडतीस-एकोणचाळीस अंश व्हायचे, पण ते कुठे लिहायचे नव्हते, त्यामुळे कुणाला माहीत नव्हते.

रजिस्टर मेहुण्याकडे होतं. हा सुपरवायझरच्या बायकोचा भाऊ तीन वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी राहायला आला होता. तो नोकरी शोधत होता, पण नोकरीला त्याचा पत्ता सापडत नव्हता. आता घरातच नेमणूक झाली. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या, एकेक टाकीत तरंगत सोडायची, तासातासाला थर्मामीटर बघायचं. पहिला दिवस त्याने इमानेइतबारे काम केलं. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळच्या चहाबरोबरच रात्रीपर्यंतचं रजिस्टर भरून टाकायला लागला. 'अकरा वाजता, तेवीस अंश, आनंदात. बारा वाजता, तेवीस अंश, आनंदात.' मग दोन बाटल्या टाकीत सोडून तो हॉलच्या छताच्या पंख्याखाली आडवा व्हायचा.

"अरे बाळा," बाबा दारातून म्हणायचे, "पंख्याचं तोंड जरा इकडे फिरव ना. मी दार उघडं ठेवतो."

"खुणा आहेत, बाबा. दाजी माझी सालटी काढतील."

सुनेला विचारलं तर ती म्हणायची, "मासे मुके असतात हो. तुम्हाला बोलता तरी येतं."

एका दुपारी मेहुणा घोरायला लागल्यावर बाबा दबकत आले. टाकीपुढे स्टूल ओढलं आणि पंख्याच्या वाऱ्यात बसले. वारा पाठीला लागला तसा त्यांचा धीर चेपला. त्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला आणि दोन्ही पाय टाकीत सोडले. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दुखीचं मलम थापलेलं होतं, ते त्यांच्या ध्यानात नव्हतं. महिनाभरात पहिल्यांदा त्यांना सुखाची झोप लागली.

नेमकी त्याच दिवशी शीतगृहाची मशीन बंद पडली आणि सुपरवायझर तीनलाच घरी आला. बाप झोपलेला, मेहुणा झोपलेला. टाकीत तीन मासे पोट वर करून तरंगत होते आणि उरलेले दोन बापाच्या अंगठ्याजवळ तोंड वासत होते. त्याने आधी रजिस्टर बघितलं.

"चार वाजता तेवीस अंश, आनंदात," त्याने मोठ्याने वाचलं. मग घड्याळ बघितलं. "आत्ता कुठे सव्वातीन झालेत!"

मेहुणा ताडकन उठला. "आगाऊ नोंद आहे, दाजी. अंदाजाने."

सुपरवायझरने तोंड उघडलं आणि मिटलं. शीतगृहातलं त्याचं स्वतःचं रजिस्टर शनिवारपर्यंत भरलेलं होतं. मग त्याने तोंड बापाकडे वळवलं.

"बाबा! मलम लावून पाय घातलेत?"

"मी गुडघ्यांना लावलं होतं रे, माशांना नाही."

"वर जोक करताय? तीन जीव गेले!"

"मग पंखा द्यायचा होता."

झालं. दुसऱ्या दिवशी तीन नवे मासे आले आणि बाबांच्या दाराला बाहेरून कडी आली. दुपारी बारा ते पाच बंद. सुपरवायझर काही अगदीच दगड नव्हता. त्याने रजिस्टरमध्ये पट्टीने आणखी एक रकाना आखला. वर लिहिलं, 'बाबा.'

"तासातासाला कडी काढून बघायचं," त्याने मेहुण्याला बजावलं. "पाणी द्यायचं. नोंद करायची."

"बघा, किती काळजी आहे त्यांना तुमची," सून बंद दाराला म्हणाली.

मेहुण्याचं काम दुप्पट झालं, म्हणून तो आता आठवड्याची नोंद एकदम करायला लागला. माशांच्या रकान्यात 'आनंदात', बाबांच्या रकान्यात 'तसंच' या अर्थाची दोन टिंबं.

"अरे, पंखा..." आतून आवाज यायचा.

"तुमची नोंद झालीय, बाबा!" मेहुणा कुशीवर वळत म्हणायचा.

दोन-तीन दिवसांनी आतून फक्त दारावर टकटक यायला लागली. मग तीही कमी झाली. "शहाणे झाले," मेहुणा बहिणीला म्हणाला.

शुक्रवारी पाच वाजता सुनेने चहा घेऊन कडी काढली, तेव्हा बाबा दाराशीच आडवे पडलेले होते, उंबऱ्याच्या फटीला गाल लावून. चहाचा कप खाली पडला. रजिस्टरप्रमाणे बाबा रविवारी रात्री आठपर्यंत आनंदात होते.

सुपरवायझर धावत आला. बाबांची मुलगी लांब राहायची, ती उद्या सकाळशिवाय पोचणार नव्हती. तोपर्यंत मयत टिकवून ठेवायला हवं होतं. तो बापाच्या खोलीत दोन मिनिटं उभा राहिला आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

"बाप रे," तो म्हणाला, "केवढा उकाडा आहे इथं!"

मग त्याचं शीतगृहातलं डोकं चालायला लागलं. त्याने खडूच्या खुणांवरून टेबलफॅन उचलला, बाबांच्या उशाशी ठेवला आणि तीन नंबरवर सोडला. फ्रीजरमधल्या आठही बाटल्या आल्या. दोन काखेत, दोन पायांशी, बाकीच्या कुशीला. टाकीतलं थर्मामीटर काढून, पुसून, त्याने खोलीच्या भिंतीला टांगलं.

सकाळी मुलगी आली. पंख्याच्या वाऱ्यावर बाबांचे पांढरे केस भुरभुरत होते. तिने भावाच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "दादा, शेवटपर्यंत किती केलंस रे त्यांच्यासाठी." दादाने मान खाली घातली आणि पंखा जरा आणखी बाबांच्या तोंडाकडे वळवला.

माशांची आठवण दुपारी आली. पंखा नाही, बाटली नाही, आदल्या संध्याकाळपासून कुणी टाकीकडे फिरकलंही नव्हतं. मेहुण्याने भिंतीवरचं थर्मामीटर आणून पाण्यात धरलं. एकतीस अंश. पाचही मासे शेपट्या हलवत काचेपाशी आले आणि खायला मागायला लागले.

त्याने रजिस्टर उघडलं, तेवीस खोडलं आणि पहिल्या दिवसानंतर प्रथमच खरा आकडा लिहिला. शेरा बदलायची काही गरज नव्हती.