गोधडी थंड असते

आमच्या बर्फाच्या कारखान्यात दोन माणसं नात्याच्या जोरावर लागली होती. एक मी, मिस्त्रीचा मेहुणा. दुसरा मालकाचा जावई. मी लाद्या ओढायला लागलो, तो मॅनेजर म्हणून लागला. नात्यानात्यातही वरचं-खालचं असतंच.

तो आला तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. पहिल्याच सकाळी तो धक्क्यावर आला. धक्का म्हणजे फाटकाजवळचा, पत्र्याखालचा ओटा. टाकीतून निघालेल्या लाद्या तिथे रचायच्या आणि गिऱ्हाईक येईल तशा द्यायच्या. मासळीवाले, दूधवाले, दवाखान्याचा माणूस. एखादी लादी दुपारपर्यंत तिथेच पडून राहते, म्हणून आम्ही लाद्यांवर गोधड्या घालतो. माझ्या ताईने, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोने, जुन्या कपड्यांचे थर लावून शिवलेल्या, बोटभर जाड.

जावयाने एक गोधडी दोन बोटांत उचलली.

"हिला ताप आलाय का?"

कोणी हसलं नाही, म्हणून तोच हसला. मग मिस्त्रीकडे वळला.

"मिस्त्री, तुम्ही घरी गोधडी कशाला घेता?"

"थंडी वाजते म्हणून."

"म्हणजे गोधडी गरम असते."

"गोधडी कुठली गरम असणार साहेब. गरम आपण असतो. ती फक्त..."

"तुम्ही मला ऊर्जा शिकवणार?" त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "उष्णता, प्रकाश, ध्वनी, वीज, गती. सगळे प्रकार तोंडपाठ आहेत माझे. बर्फावर गरम वस्तू घालायची नाही. काढा सगळ्या."

पाच प्रकार त्याला पाठ होते, हे मी नाकारत नाही. एका हाताला बोटंही तेवढीच असतात.

मिस्त्रीने सातवीत शाळा सोडलेली. वीस वर्षं तो एकाच मशीनपाशी उभा आहे. मी कामाला लागलो त्या दिवशी त्याने मला टाकीजवळ नेऊन सांगितलं होतं, "इथे थंडी बनते असं लोकांना वाटतं. थंडी कोणी बनवत नाही. पाण्यातली गरमी उपसायची आणि मागच्या नळ्यांतून बाहेर फेकायची, एवढाच आपला धंदा. गरमी नेहमी गरमाकडून गाराकडे पळते. तिला उलटं पळवायचं तर कोणीतरी ढकलायला लागतं. ते ढकलायला ही मोटर. तारेतून वीज येते, मोटर फिरते, पट्टा फिरतो, कानठळ्या बसतात, आणि उरलेली ताकद मोटरच्या अंगात गरमी होऊन बसते. एकच वस्तू आहे बघ, सारखी कपडे बदलते." त्यानंतर त्याने मला लादी ओढायचा लोखंडी आकडा दिला. एवढंच माझं कॉलेज.

गोधड्या निघाल्या. पत्रा तापायचा, फाटकातून गरम वारा यायचा आणि लाद्यांचे कोपरे साबणासारखे झिजायचे. धक्क्यावर घोटाभर पाणी. दवाखान्याचा माणूस म्हणाला, "अहो, लादी मागितली होती, वीट दिलीत." चौथ्या दिवशी जावयाने निदान केलं. बर्फ कच्चा आहे. मिस्त्री मशीन नीट चालवत नाही.

"शनिवारपर्यंत बर्फ पक्का झाला पाहिजे. नाहीतर मी दुसरा मिस्त्री बघतो."

मिस्त्रीची खोली कारखान्याच्या आवारातच होती. नोकरी गेली की खोली गेली. ताई, तिच्या दोन मुली, पाठदुखीने आडवी झालेली तिची सासू आणि कोपऱ्यात पथारी टाकणारा मी, सगळे त्या खोलीत. रात्री सगळे जेवायला बसलो. मी म्हणालो, "भाऊजी, मालकाला बोलवा. त्याच्यासमोर दोन लाद्या ठेवा. एक उघडी, एक झाकलेली."

"मालकाला कळेल?"

"डोळे तर आहेत त्याला."

डोळे त्याला होते. शुक्रवारी सकाळी दहाला त्याच्यासमोर एकाच वेळी टाकीतून काढलेल्या दोन लाद्या धक्क्यावर ठेवल्या. एकीवर गोधडी, चारही बाजूंनी खोचलेली. दोनला मालक परत आला. उघडी लादी मधोमध खचली होती आणि चांगला चौथा हिस्सा वाहून गेला होता. मिस्त्रीने दुसरीवरची गोधडी काढली. जवळपास जशीच्या तशी, कोपऱ्यांना धार होती.

मालकाने गोधडीच्या आतल्या बाजूला हात लावला. मग गालाला लावली.

"अरे, ही तर गारेगार आहे."

चार तास बर्फाला चिकटून राहिल्यावर मीही गार झालो असतो. पण मालकाच्या चेहऱ्यावर शोध लागल्यासारखा आनंद होता. "म्हणजे गोधडी थंडी देते."

जावयाने क्षणभरही वाया घालवला नाही. "मामा, जुन्या कापडात तो गुण असतो. मला शंका होतीच, म्हणून तर मी तुलना करून बघितली."

मिस्त्रीने तोंड उघडलं. त्याचा चेहरा मला ओळखीचा होता, तो आता सुरुवातीपासून सगळं समजावणार होता. गरमी बाहेरून आत शिरते, गोधडी तिला वाटेत अडवते, देत काहीच नाही. म्हणजे मालक चुकला, जावई चुकला, दोघंही सगळ्या हमालांसमोर. मी त्याच्या पायावर पाय दिला आणि म्हणालो, "होय साहेब. गोधडी जितकी जुनी तितकी जास्त थंड."

मिस्त्रीने तोंड मिटलं. मालकाने गोधड्या परत घालायला सांगितलं. दुसऱ्या मिस्त्रीचा विषयच निघाला नाही.

घरी मी हे रंगवून सांगितलं. ताई भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुला बोलायला कोणी सांगितलं होतं?"

"खोली वाचली ना?"

"वाचली. पण उद्या त्यांनी ते खरं धरलं तर?"

"मोठ्या लोकांना काही खरं धरायची सवय नसते ताई."

तिथे माझं चुकलं. मोठे लोक स्वतःच्या फायद्याची गोष्ट अगदी घट्ट धरतात.

मंगळवारी मिस्त्री त्याच्या सासूला, म्हणजे ताईच्या आणि माझ्या आईला, गाडीत बसवून द्यायला गेला होता. आई दोन दिवस लेकीकडे राहून परत निघाली होती. तासाभरात तो आला तेव्हा मी धक्क्यावर होतो. मशीनच्या खोलीतून वास येत होता, प्लास्टिक आणि केस एकत्र जाळल्यासारखा. आम्ही दोघं धावलो.

मोटरला गोधडी गुंडाळली होती. एक नव्हे, दोन. वरून सुतळीने व्यवस्थित बांधलेल्या. मोटरच्या अंगावर पत्र्याच्या उभ्या पट्ट्या असतात, गरमी वाऱ्यावर सोडायला. मागच्या पंख्याची जाळीही झाकलेली होती. जावई बाजूला खुर्ची टाकून बसला होता, आई लेकराजवळ बसते तसा.

"मोटर फार तापते, तुम्हीच तक्रार करायचा," तो म्हणाला. "वीस वर्षांत तुम्हाला सुचलं नाही."

मिस्त्रीने आधी खटका पाडला. मशीन घरघरत थांबलं. मग त्याने चाकूने सुतळी कापली आणि गोधड्या ओढून जमिनीवर टाकल्या. आतल्या बाजूने त्या काळ्या पडल्या होत्या.

"काढू नका. आत्ता कुठे गार व्हायला लागली असेल."

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "हात लावा."

जावयाने बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं. बोट तोंडात घातलं.

मिस्त्री आवाज न चढवता बोलत राहिला. मला तो चढवलेला चालला असता. "गोधडी थंडी देत नाही. गरमीसुद्धा देत नाही. तिच्यात काही नसतंच. ती वाट अडवते, दोन्ही बाजूंनी. बर्फाकडे जाणारी गरमी बाहेर अडते, म्हणून बर्फ टिकतो. तुमच्या अंगातली आत अडते, म्हणून तुम्हाला ऊब येते. या मोटरच्या अंगातलीही आतच अडली. आत तांब्याची तार आहे, तिच्यावरचा लेप जळला."

"पण शुक्रवारी मामांसमोर ठरलं होतं. तुमच्याच माणसाने सांगितलं, जितकी जुनी तितकी थंड. मी मुद्दाम सगळ्यांत जुन्या निवडल्या."

हे मात्र खरं होतं. त्याने काम मन लावून केलं होतं.

मिस्त्री म्हणाला, "मी तिथे उभा होतो आणि बोललो नाही. चूक माझी."

मालक आला. जळलेल्या मोटरभोवती एक फेरी मारली. त्याच्यासमोर सोपं गणित होतं. जावयाला काढता येत नाही, मुलगी घरी येऊन बसेल. मिस्त्रीला काढलं तर मोटर उतरवून, नवी तार भरून परत कोण बसवणार? मशीन त्याच्याशिवाय दुसऱ्याचं ऐकत नाही, हे मालकालाही माहीत. उरलो मी.

"यंत्राबद्दल खोटी माहिती दिली," जावयाने मला कामावरून काढल्याच्या कागदावर लिहिलं. सही करताना त्याचं बोट पट्टीत होतं.

मोटर तीन दिवस बंद राहिली. टाकीतलं पाणी हळूहळू कोमट झालं, एकही नवी लादी निघाली नाही. पण आधी निघालेल्या लाद्या आम्ही भिंतीशी एकाला एक चिकटवून रचल्या होत्या आणि उरलेल्या सगळ्या गोधड्या त्यांच्यावर घातल्या होत्या. ते तिन्ही दिवस दवाखान्याची गाडी रिकामी गेली नाही. मालक फोनवर कोणाला तरी सांगत होता, "जावयाने वेळेवर गोधड्यांची पद्धत आणली म्हणून निभावलं." मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. हिशेब घ्यायला दाराबाहेर उभा होतो.

निघताना मशीनच्या खोलीत गेलो. मिस्त्री जमिनीवर बसून तांब्याची तार गुंडाळत होता.

"भाऊजी, त्या दिवशी मी पाय दिला नसता तर?"

"तर मी बोललो असतो. मालकाला राग आला असता. शनिवारी आपण सगळे रस्त्यावर असतो."

"म्हणजे मी बरोबर केलं?"

तो पुढचा वेढा मोजत होता. मोजून झाल्यावर म्हणाला, "पाय दिलास तोवर ठीक होतं. वर बोलायला नको होतंस."

मग त्याने हात पुढे केला. मला वाटलं हात मिळवायचा आहे. त्याला माझा लादी ओढायचा आकडा हवा होता, उद्यापासून येणाऱ्या माणसासाठी.