झोराइदाची उंची

माझी थोरली बहीण झोराइदा दहा वर्षांची असताना एका सकाळी तिचे डोळेच उघडेनात, इतका चेहरा सुजला होता. आमच्या चिंबोते बंदरातल्या दवाखान्यात सांगितलं, मूत्रपिंडांतून प्रथिनं वाहून जाताहेत. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पंधरा दिवसांत सूज उतरली. त्या गोळ्यांनी तिला वाचवलं, यात शंका नाही. पण साधी सर्दी झाली तरी आजार उलटायचा आणि डोस पुन्हा वाढायचा.

आधी तिचे जुने कपडे मला यायचे. मी बारा वर्षांची झाले, ती चौदाची, पण तिची उंची खुंटली होती आणि गाडं उलटं फिरलं. मला आखूड झालेला शाळेचा स्कर्ट आई घडी घालून ताईच्या पलंगावर ठेवू लागली. ताई तो घालून शाळेत जायची.

आई बाजारात मासे विकायची. ताईसाठी ती अंडी, कलेजी राखून ठेवायची. शेजारच्या एलूदियामावशी रोज सांगायच्या, "पोरीला किनोआची पेज दे गं, ताडासारखी वाढेल."

"मावशी, तुम्ही लहानपणी प्यायला विसरलात वाटतं!" ताई म्हणायची. मावशी जेमतेम माझ्या खांद्याला लागायच्या.

ताईचा सारा जीव व्हॉलीबॉलमध्ये. तिची सर्व्हिस शाळेत कुणाला उचलता यायची नाही. जिल्ह्याचा संघ निवडायला उर्सुलाबाई आल्या तेव्हा त्यांनी मला घेतलं. मला तर धड सर्व्हिसही जमत नव्हती. ताईला म्हणाल्या, "हात सोन्याचा आहे तुझा. पण जाळी मी खाली आणू शकत नाही, बाळा."

त्या संध्याकाळी ताई मला म्हणाली, "या गोळ्यांनी खाल्लीत माझी हाडं. आता बास. आईला सांगितलंस तर बघ."

मी सांगितलं नाही. ती रोज गोळी जिभेखाली धरायची आणि परसात जाऊन थुंकायची. मी ते बघायचे. खरं सांगायचं तर तिची उंची वाढावी असं मलाही वाटत होतं. मग संघात जायची मला लाज वाटली नसती.

बाराव्या दिवशी ताई ओकत ओकत न्हाणीत कोसळली. पाय खांबासारखे सुजले होते. दवाखान्यात आईने मला विचारलं, "तुला माहीत होतं?" मी मान डोलावली. तिने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी डॉक्टर केसादा ताईच्या खाटेवर येऊन बसल्या. "ही गोळी अशी एकदम बंद केली तर जीव जातो," त्या म्हणाल्या. "आणि आजार अंगात राहिला तरी वाढ खुंटतेच. मग काय मिळवलंस?"

"मी वाढणार की नाही, तेवढं सांगा," ताई म्हणाली.

त्यांनी तिच्या मनगटाचा एक्स-रे उजेडासमोर धरला. हाडांची वाढ वयाच्या मागे होती, टोकं अजून जुळली नव्हती. "थोडी जागा आहे. किती ते मी सांगू शकत नाही."

सूज ओसरल्यावर डोस हळूहळू कमी करत एक दिवसाआड सकाळी, असा ठरला. सोबत दूध, कॅल्शियम, आणि मीठ कमी. दोन वर्षं ताईने एकही गोळी चुकवली नाही. अळणी कालवणही ती संपवायची. आजार उलटला नाही. ती सात सेंटिमीटर वाढली, एकशे एकोणपन्नासला थांबली. मी एकशे चौऱ्याहत्तर.

पुढे मला राजधानी लिमातल्या एका व्हॉलीबॉल क्लबने घेतलं. ताई चिंबोतेलाच शाळेत मुलींना सर्व्हिस शिकवते. मागच्या महिन्यात ती माझा सामना बघायला आली. सगळे गेल्यावर रिकाम्या मैदानात तिने विचारलं, "वरून कसं दिसतं गं?"

ती पंचांच्या उंच खुर्चीवर चढली आणि जाळीवरून पलीकडे बघत बसली. चौकीदार दिवे मालवायला आला. मी त्याला खुणेनं जरा थांब म्हटलं.