वार्निशचे डाग

"खिडकी लाव आधी," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "डोळ्यांत सुया टोचतायत."

तिने खिडकी लावली. सकाळी त्याला ताप भरला तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या होत्या, वाढलं तर लगेच फोन करा म्हणून बजावलं होतं. तेव्हा तो चेष्टा करत होता, "आज मोटरीऐवजी मलाच दुरुस्तीला टाकलंय." जळालेल्या मोटरींत नवी तांब्याची तार भरायचं त्याचं दुकान होतं. केसासारखी तार तो बोटांवरून अशी सोडायचा, की गिऱ्हाईक घाई विसरून बघत राहायचं.

आता चेष्टा बंद होती. घोटभर पाणी पाजलं तेही उलटून पडलं.

"झोपू दे त्याला," सासूबाई दारातून म्हणाल्या. "झोपला की उतरतो त्याचा ताप. लहानपणापासूनचं आहे ते."

तीही मशीनवर अर्धवट राहिलेल्या शिलाईकडे वळली होती. जाता जाता पायांवर पांघरूण ओढायला वाकली आणि थबकली. कपाळ भाजत होतं, पण पाय बर्फासारखे गार. उशी नीट करावी म्हणून तिने त्याचं डोकं उचललं, तर तो कळवळला. मान वाकेचना.

पोटरीवर जांभळट ठिपके दिसले. दुकानात तारेवर चढवायचं वार्निश उडलं असेल. तिने ओल्या टॉवेलने पुसलं, मग घासलं. ठिपके गेले नाहीत. लुंगी वर सारली तर गुडघ्याच्या वरही होते. तिने सकाळच्या डॉक्टरांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काचेचा ग्लास ठिपक्यांवर दाबा. फिके पडतात का?"

तिने दाबला. भोवतालची कातडी पांढरी झाली. ठिपके काचेतून तसेच तिच्याकडे बघत राहिले.

"नाही पडत."

"मग आता एक क्षणही थांबू नका. ॲम्ब्युलन्स बोलवा. मी मोठ्या हॉस्पिटलात कळवतो."

तिने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि त्याला हलवलं. "अहो, उठा. आपल्याला जायचंय."

त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?"

संसाराच्या इतक्या वर्षांत त्याने तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. त्यानंतर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती त्याच्याशी बोलत राहिली, काय बोलली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही.

हॉस्पिटलात त्याला दारातूनच आत नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा तिने आधी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला.

"मेंदूच्या आवरणाला सूज आहे. आणि तेच जंतू रक्तात पसरलेत. औषध सुरू केलंय. आत्ता एवढंच सांगू शकते." मग त्यांनी घरातल्यांनाही लागण होऊ नये म्हणून दोघींना गोळ्या दिल्या.

सासूबाईंनी गोळी हातात धरून ठेवली. "मीच म्हटलं, झोपू दे."

"मीपण शिवायलाच निघाले होते, आई. घ्या ती."

तो वाचला. शुद्धीवर आला तेव्हा त्याने तिला 'अगं' म्हणून हाक मारली आणि ती बाहेर जाऊन जिन्यात बसून रडली. पण रक्त न पोचल्यामुळे त्याची बोटं काळी पडत गेली होती. शेवटी ती काढावी लागली. डाव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

बँडेज बदलताना त्याने एकदाच खाली पाहिलं. "दुकान?" त्याने विचारलं.

"बंद आहे."

"किल्ली शेजारच्याला दे. लोकांच्या मोटरी आहेत आत. त्यांच्या त्यांना परत करायला सांग."

"देते."

सासूबाई खाटेच्या पायथ्याशी चादरीची घडी उगाच मोडून पुन्हा घालत होत्या.

"अगं," तो छताकडे बघत म्हणाला, "नाक खाजतंय."

तिने बोट टेकवलं. "इथं?"

"जरा वर."

"इथं?"

"हं."

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, "झालं." तिने हात काढला नाही, आणि त्यानेही पुन्हा सांगितलं नाही.