काठावरची लाल शिवण

मित्रांनो, ज्याच्यावर बसायचं त्याच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून आज मीच बोलते. मी आहे कर्मचारी संघटनेची जुनी सतरंजी. मुक्काम सोलापूर, एका सरकारी दवाखान्याच्या आवारातली खोली. माझा रंग उडाला असेल, पण पीळ गेलेला नाही! माझा जन्म इथल्याच मागावर झाला. विणणारे मामा घरात तेलुगू बोलायचे, आणि माझा काठ पक्का बसलाय का, ते पुन्हा पुन्हा ओढून बघायचे.

दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून मला आणलं, तेव्हा माझा तोरा काय विचारता! सभा असो, कुणाचा निरोप समारंभ असो की संक्रांतीचं हळदीकुंकू, आधी मी पसरायची, मग बाकीचं सगळं. रीत एकच होती. चपला काढून बसायचं आणि अध्यक्षालाही खुर्ची नाही. "लई गुणाची सतरंजी हाय," असं लोक म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं.

पुढे सभा मोबाइलच्या ग्रुपवर व्हायला लागल्या आणि माझी रवानगी कपाटावर झाली. धूळ बसली. उंदरांनी एका बाजूचा काठ कुरतडला आणि तिथून धागे सुटत आत आत येऊ लागले. मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मला अचानक खाली ओढलं. सरकारने खर्चात हात आखडता घेतला होता आणि दवाखान्यातली माणसं कमी करायचं घाटत होतं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. धरणं धरून बसायला फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली मला अंथरलं. कायम नोकरीतली मंडळी मधोमध बसली. कंत्राटी बायका आपणहून काठावर टेकल्या.

त्यांत शिवबाई होती. बाळंतिणींच्या वॉर्डातली मावशी, मूळची कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची. नवरा अंथरुणाला खिळलेला, सारं घर तिच्या एकटीच्या जिवावर. नोकरी गेली तर सोलापुरातलं बिऱ्हाड मोडण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. तिने माझा काठ हातात घेतला.

"अय्यो, काय दशा झालीया हिची!" ती म्हणाली. पिशवीतून सुई आणि लाल दोरा काढून तिथेच शिवायला लागली.

संघटनेचे अध्यक्ष सोमशेखरअण्णा क्ष-किरण विभागात काम करतात. मंत्री विश्रामगृहावर उतरले होते, त्यांना भेटायला अण्णा चारचौघांना घेऊन गेले. गेलेले सगळे कायम नोकरीतले. काठावरच्या एकीलाही बरोबर न्यावं, असं कुणाला सुचलं नाही. ती दुपार सरता सरेना. कुणाचं बोलण्यात लक्ष नव्हतं, आणि वरची प्रत्येक चुळबुळ मला खाली कळत होती.

अण्णा परतले. चपला काढून मधोमध बसले, पण शिवबाईकडे त्यांनी बघितलं नाही.

"कायम माणसाला धक्का लागनार न्हाय, असं साहेब म्हनालेत," ते म्हणाले. "कपात फकस्त कंत्राटींची. आन् आपन आज उठायचं."

मग माझ्यावरचा मधला भार हलका व्हायला लागला. एकेक जण काढता पाय घेत होता. रुग्णवाहिका चालवणाऱ्या रामहरीने तर एका पायात चप्पल घातलीसुद्धा. मित्रांनो, इतकी वर्षं मी यांना एकत्र बसवलं, ते यासाठी का?

शिवबाई रडली नाही, भांडलीही नाही. तिने दोरा दाताने तोडला.

"अण्णा, तुमी बी उठा की. हिला झटकून गुंडाळते. पर कपाटावर नगा ठेवू, उंदरं हायती तितं. म्होरच्या साली आमी नसू, पर तुमाला बसाया लागंलच की."

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरोखर माझीच काळजी वाटत होती. म्हणूनच ते बोलणं अण्णांच्या जिव्हारी लागलं. उठण्यासाठी त्यांनी हात टेकला, तो नेमका काठापासून आत आलेल्या तिच्या ताज्या शिवणीवर. हात तिथेच राहिला.

"अण्णा, चलायचं न्हवं?" रामहरीने विचारलं.

"चप्पल काढ," अण्णा म्हणाले. "बस खाली."

आणि मधली जागा सोडून ते स्वतः सरकले, काठावर शिवबाईच्या शेजारी येऊन बसले. तिथूनच त्यांनी मंत्र्यांच्या सहायकाला फोन लावला. "आमी उठत न्हाय. उद्या परत येतो. बरोबर शिवबाई येनार." रामहरी गपचूप येऊन बसला. त्याच्यामागून आणखी काही जण आले. काही जण मात्र गेले ते गेलेच, आणि त्याचा मला अजून राग आहे.

दुसऱ्या दिवशी शिवबाई मंत्र्यांसमोर काय बोलली, ते मला ठाऊक नाही. सतरंजीला विश्रामगृहात कोण नेतं? परत आली आणि धपकन बसली.

"औंदा कुनालाच काढत न्हाईत," एवढंच म्हणाली आणि मग पदर डोळ्यांना लावून खूप रडली.

पुढच्या अर्थसंकल्पात काय होईल, कुणी सांगावं? म्हणून माझं मागणं आहे. मला कपाटावर टाकू नका, अधूनमधून ऊन दाखवा, फाटलं की लगेच टाका घाला. आणि माझ्यावर बसायला याल तेव्हा खुशाल मधोमध बसा, पण आधी काठावर कोण बसलंय ते बघा. मी उसवते ती तिथूनच.