विमानाला नाका नसतो

पैज लागली विमानावरून, अन् ती लावणाऱ्या दोघांनीबी विमान फक्त खालून पाहिलेलं. एक मी, भिवाजी. दुसरा मुंजाजी, कनेरगाव नाक्यावरचा चहाहॉटेलवाला.

त्याच्या हॉटेलात आत सगळ्यांना कपबश्या. आमच्या बौद्धवाड्याला मात्र बाहेर लिंबाच्या खोडात खिळा, अन् त्याला टांगलेला कान तुटका कप. आपणच काढायचा, आपणच धुवून टांगायचा. शिवाशिवीच्या विरोधात कायदा व्हता म्हणा. पण साहेबाची जीप दिसली की मुंजाजी कप लपवायचा, जीप वळली की परत खिळ्याला.

माझी पुतणी सोजरा नर्स झाली, कुवेतच्या दवाखान्यात निघाली. ही खबर मी मुद्दाम हॉटेलापुढं उभं राहून दिली.

"भिवाजी," मुंजाजी म्हणला, "पोरीला विमानात आत बसू देतेत, का बाहेर खिळ्याला टांगतेत?"

सारं हॉटेल हासलं. मी सगळ्यात जोरात हासलो. मी असा हासलो की आमच्या वाड्यातले लोक सावध व्हतेत.

"मुंबईहून सतराशे मैल हाय म्हणतेत," म्या भोळ्यावानी इचारलं. "किती येळ लागत असंल?"

"दोन दिवस धर. डायवर जेवंल, झोपंल, चहा पिईल. नाक्यावर थांबल्याबिगर कोणची गाडी गेली व्हय?"

"मी म्हणतो, सकाळी दहाला मुंबई सोडंल अन् तिथल्या घड्याळात बाराच्या आत उतरंल."

"दोन घंट्यात? अरं, तेवढ्यात एस.टी. परभणीला पोचत न्हाई!"

"मग लाव पैज. हरलो तर सालभर तुझ्या भट्टीची लाकडं फोडीन. तू हरला तर बाजाराच्या दिवशी आमचा वाडा आत बाकड्यावर बसंल, आतल्या कपात पिईल, अन् ते कप तू रस्त्यावर बसून धुशील."

तेवढ्यात तांड्याचा पुनमचंद वरडला, "लाव की मुंजाजी, फुकटची लाकडं!"

"लागली पैज," मुंजाजी म्हणला. पण टाळीला हात काई पुढं आला न्हाई.

वीस दिवसांनी पत्र आलं, संग तिकिटाचा तुकडा. संतराम गुरुजींनी भर बाजारात वाचलं: "बराबर दहाला निघाले. विमान मधी कुठंच थांबलं न्हाई. उतरले तवा इथं साडेअकरा झालते. इथली घड्याळं आपल्याहून अडीच घंटे मागं हायेत, म्हणून. खरे चार घंटे लागले. मला खिडकीपाशी बसवलं, चहा दिला. माझा कप विमानातल्याच बाईनं उचलून नेला."

शेवटची ओळ म्या गुरुजींना दोनदा वाचायला लावली.

"फसवलं!" मुंजाजी उसळला. "तुला घड्याळाचं आधीच ठावं व्हतं!"

"व्हय. सोजरानं तिकीट दाखवलं, त्याच्यावर दोन्हीकडचा टाइम छापलेला. पण जाऊ दे, चार घंटेच धर. तुझे दोन दिवस कुठं गेले?"

"जबान दिली हाय मुंजाजी," पुनमचंद म्हणला. "आमी सगळ्यांनी ऐकली."

मुंजाजी बादली अन् राख घेऊन रस्त्याच्या कडंला बसला. सारा बाजार गोळा झाला. आत आमची माणसं बाकड्यावर. पयला कप माझ्या मायच्या, जनकाबाईच्या हातात. सत्तर वर्षांत तिनं इथला चहा उभ्यानंच पिलेला. म्या खिळ्याचा तुटका कप काढला अन् मुंजाजीपुढच्या ढिगात ठेवला. "ह्यो बी धू. आजपून ह्यो बी आत."

माय फुंकू फुंकू पीत व्हती.

"आटपा की बाई," मुंजाजी काकुळतीला आला.

"थांब की रे. मला कुठं कुवेतला जायचंय?" तिनं कप रिकामा केला, बाहेर येऊन त्याच्यापुढं धरला. "ह्यो नीट घास. अन् अजून एक आण."

मुंजाजीनं राख घेतली.