भाऊजींचं गोदाम

नदी-संवर्धनाच्या सात लहान कचेऱ्या मोडून शहरात एकच मोठी कचेरी झाली. निरीक्षक बाईंना चौथ्या मजल्यावर संगणकासमोर खुर्ची मिळाली. बावीस वर्षं नदीकाठचा चिखल तुडवलेल्या बाईंना तिथं पायांचं करायचं काय, तेच कळेना.

आनंद झाला तो त्यांच्या धाकट्या दिराला. त्याला नदीकाठच्या सखल शेतात गोदाम बांधायचं होतं. नदी फुगली की पाणी त्याच शेतात पसरायचं. तिथं भराव पडला तर ते शेतापलीकडच्या वस्तीत आणखी वर चढणार, म्हणून बाईंनी त्याचा अर्ज दोनदा फेटाळला होता. आता परवानगी थेट शहरातून आली. जेवताना त्याने तो कागद बाईंच्या ताटाशेजारी ठेवला.

"नकाशात शेत कोरडं आहे, वहिनी. साहेबांची सही आहे."

घरचं भांडण चव्हाट्यावर नेऊ नकोस, असं सासूबाईंनी बजावलं. नवरा नेहमीसारखा ताटात बघत राहिला. बाई दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेब तरुण, माणूस वाईट नव्हता. त्यांनी नकाशा उघडून दाखवला.

"नकाशा असू दे, साहेब. एकदा तिथं पाय ठेवून या."

साहेब बाईंबरोबर शेतापलीकडच्या वस्तीत गेले. तिथल्या शिंपीणबाईने घरातलं कपाट सरकवलं. मागच्या भिंतीवर पुराच्या तीन रेघा होत्या, वरची साहेबांच्या छातीपर्यंत; प्रत्येकीशेजारी पेन्सिलीने साल लिहिलेलं. हे कचेरीला का कळवलं नाही, असं साहेबांनी विचारलं. कळवायचं कुणाला, बाईच येऊन मोजून जायच्या, असं ती म्हणाली. मोजमापाच्या त्या वह्या विलीनीकरणात पोत्यांत बांधल्या गेल्या होत्या. पोती अजून कुणी सोडली नव्हती.

परवानगी रद्द झाली. दिराने अबोला धरला. सासूबाई मीठ वाढतानाही टोमणा मारायच्या. बाईंना ते लागायचं.

विलीनीकरण काही मागे फिरलं नाही. साहेबांनी एवढं केलं, की जुन्या कचेरीची एक खोली आठवड्यातून दोन दिवस उघडली आणि बाईंच्या पाहणीशिवाय नदीकाठचा अर्ज मंजूर करायचा नाही, असा आदेश काढला.

तीन महिन्यांनी एका मंगळवारी दीर त्या खोलीत आला. हातात नवा अर्ज होता, चढावरच्या जागेचा.

"मॅडम, पाहणीला कधी याल?" तो उभ्यानेच म्हणाला.

बाईंनी खुर्ची पुढे केली, अर्ज नीट वाचला. खाली सही राहिली होती.

"उद्या सकाळी येते. इथं सही करा, भाऊजी."

त्याने खिसे चाचपले. बाईंनी आपलं पेन त्याच्यापुढे सरकवलं.